बंद झालेला स्विस चाकू: ‘दुर्मीळ’ म्हणजे नेमके किती रुपये?

राजमाचीकर

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

आमचे मामा मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होते. गेल्या वर्षी गेले. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे दादरच्या खोलीची आवराआवर आम्हा तीन भाचरांवर आली. पुस्तकं वाचनालयाला गेली, भांडी कामवाल्या मावशींनी नेली, गाडी अडली ती एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यावर. आत घडीचे तीन चाकू निघाले. एक चंदेरी, ॲल्युमिनियमचा, अंगावर बारीक खरखरीत चौकडी आणि क्रॉसची ढाल. त्याच्या मोठ्या पात्याच्या बुडाशी ७८ असा आकडा ठोकलाय. दुसरा लाल, चांगला जाडजूड, त्यात भिंगसुद्धा आहे. तिसराही लालच पण अंगाने लहान, त्याच्यावर वेंगर लिहिलंय.

मावसभावाने नेटवर चंदेरीसारखाच एक शोधून काढला. ‘अतिदुर्मीळ, उत्पादन बंद’, किंमत ९५,००० रुपये! ताईला तो चाकू मामांची आठवण म्हणून हवाय. भाऊ म्हणतो, खुशाल ठेव, पण आमचे दोन हिस्से दे. म्हणजे ताईने ६३ हजार मोजायचे. घरात सध्या याच्यावरून दोघं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलतायत.

खरंच एवढी किंमत असते का? आणि फोटो काढण्याआधी ब्रासो लावून चकचकीत करून घेऊ का?

खडूस_खारूताई

ब्रासो नको!!! बाकीचं मायक्रॉन सांगतील, त्यांची वाट बघा. (आणि खुर्ची घेऊन बसा, ते थोडक्यात सांगत नाहीत.)

मायक्रॉन

खारूताई, आरोप मान्य.

राजमाचीकर, ब्रासोची बाटली होती तिथे ठेवा आणि ताईंना म्हणावं, एक रुपया काढू नका.

मी नऊ वर्षं स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला होतो, एका औषध कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचो. तिथे पेटर्सप्लाट्झवर दर शनिवारी जुना बाजार भरतो, झाडांखाली. तिथे हा नाद लागला. बायकोला बरेच दिवस वाटत होतं मी भाजी आणायला एवढा वेळ लावतो. आज घरात ऐंशीएक चाकू आहेत, त्यातले निम्मे मूर्खपणाने घेतलेले. तेव्हा हे शिकलेल्याचे नाही, ठेचाळलेल्याचे बोल समजा.

तुमचा चंदेरी म्हणजे स्विस सैन्याचा १९६१ चा नमुना. मिटवून लांबी मोजा, ९३ मिमी भरेल. आत मोठं पातं, टोच्या, डबा उघडायचं आणि बाटलीचं झाकण काढायचं, एवढंच. एका टोकाला कडी असेल तर तो सैन्याचा नव्हे, नागरी बाजारातला त्याचा भाऊबंद. पण ७८ ठोकलंय म्हणता, म्हणजे सैन्याचाच असावा, कारण तिथे प्रत्येक चाकूवर वर्ष ठोकायचे. हा नमुना २००८ पर्यंत बनला. मग सैन्याने १११ मिमीचा, हिरव्या मुठीचा, एका हाताने उघडणारा नवा चाकू घेतला आणि हा बंद पडला. त्या जाहिरातीतलं ‘उत्पादन बंद’ हे इथून आलं. खोटं नाही.

पण ‘बंद’च्या शेजारी ‘दुर्मीळ’ लिहिलं की तेही आपोआप खरं होत नाही. हिशोब बघा. सत्तेचाळीस वर्षं उत्पादन, आणि देशात पुरुषांना सैन्यसेवा सक्तीची. प्रत्येक रंगरुटाच्या हातात एक चाकू. सेवा संपली की चाकू घरी, मग खणात, मग माळ्यावर, मग म्हातारा गेला की शनिवारच्या बाजारात. तुमच्या दादरच्या खोलीत झालं तेच तिथे घरोघर झालंय. सत्तरच्या दशकातले तीन मी प्रत्येकी १५-२० फ्रँकला घेतलेत. चौथा गंजक्या खिळ्यांच्या खोक्यात फुकट आला. आज नेटवर बऱ्या अवस्थेतला ७८ चार-सहा हजार रुपयांना जाताना दिसतो. त्यातही टपालखर्च आणि कस्टमची धाकधूक धरा.

मग लोक पैसे मोजतात कशाला? एक म्हणजे पहिल्या वर्षाला. आकडा ६१ असेल तर संग्राहक खुर्ची पुढे ओढतो. दुसरं म्हणजे त्याआधीच्या पिढ्यांना: १९५१ चा, १९०८ चा फायबर मुठीचा, आणि सगळ्यांचा पणजोबा १८९० चा, काळपट लाकडी मुठीचा. या पणजोबाची गंमत अशी की पहिली १५,००० ची खेप स्विस नव्हतीच. एवढे चाकू एकदम बनवेल असा कारखानाच तेव्हा देशात नव्हता, म्हणून ते जर्मनीतल्या झोलिंगेनहून आणले. कार्ल एल्सेनर या इबाखच्या कारागिराच्या हे जिव्हारी लागलं आणि १८९१ पासून त्याने पुरवठा सुरू केला. तोच पुढे व्हिक्टोरिनॉक्स. नंतर डेलेमाँ गावचा वेंगर हा कारखानाही आला आणि १९०८ पासून सैन्याने काम दोघांत वाटून दिलं. म्हणून ७८ च्या उलट्या बाजूला कोणाचं नाव आहे तेही बघा. दोन्ही चालतात, पण फोटोत ते दिसलं पाहिजे.

आता अवस्था. इथे माझी कहाणी ऐकाच.

२०१४ साली मला ६१ मिळाला. जुन्या चमच्यांच्या ट्रेमध्ये पडला होता. आजोबांनी २५ फ्रँक मागितले, मी सवयीने २० म्हटलं, आणि म्हणताना माझा आवाज चिरकला. त्यांनी दिला. सुट्टीत पुण्याला घेऊन आलो आणि अतिशहाण्यासारखा स्वयंपाकघराच्या खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी सिंहगडावर, आणि इकडे दारावर धारवाला. आईने दोन सुऱ्या, शिवणाची कात्री आणि ‘तुझा तो बोथट चाकू’ असे चार नग काढून दिले. सायकल स्टँडवर चढवली, पायडल मारलं, पट्ट्यावर दगड फिरला, ठिणग्या उडाल्या. चार नगांचे ४० रुपये. संध्याकाळी मी घरी आलो तर आईने त्या चाकूने टोमॅटोची चकती कापून उजेडाकडे धरून दाखवली. आरपार दिसत होतं.

मी व्हर्नियर काढला. पात्यावर नख घालून उघडायची खाच असते ना, तिच्यापासून धारेपर्यंतचं अंतर माझ्याकडच्या न वापरलेल्या, ८३ ठोकलेल्या चाकूशी ताडून पाहिलं. दीड मिलिमीटर गायब. टोकाशी अडीच. पात्याच्या पोटावर दगडाचे आडवे ओरखडे, आणि मिटल्यावर टोक दिसेनासं इतकं आत बुडालेलं. बाझेलला परत गेल्यावर ओळखीच्या एका संग्राहकाला दाखवला. त्याने उघडला, मिटला, माझ्या तळहातावर परत ठेवला आणि एकच शब्द बोलला: ‘यूजर’. म्हणजे वापरायचा चाकू, कपाटात मांडायचा नव्हे. आईला मी काही बोललो नाही. तो आता खरोखर टोमॅटोलाच आहे.

तेव्हा तुमच्या ७८ ची धार मूळची आहे का ते आधी बघा. उघडताना-मिटताना ‘खट्’ असा कोरडा आवाज यायला हवा, अर्ध्यात रेंगाळता कामा नये. उघडं पातं डावी-उजवीकडे हलतंय का? ॲल्युमिनियमची चौकडी कडांना घासून गुळगुळीत झालीय का? आतला कचरा कोमट पाणी, साबण आणि जुन्या दातांच्या ब्रशने काढा, कापडाने कोरडा करा, सांध्यात मशीन तेलाचा एक थेंब. बस. ब्रासोने पात्याची कारखान्यातली झळाळी जाते आणि ठोकलेल्या आकड्यांच्या कडा बुजतात. म्हणजे ज्याचे पैसे मिळणार तेच पुसून टाकणार.

खरं तर मला तुमचा लाल जाडजूडच जास्त खुणावतोय. त्यात भिंग आहे म्हणता. पक्कड आहे का? कात्री, करवत, माशाचे खवले काढायची पट्टी आणि भिंग असून पक्कड नसेल, तर तो बहुधा ‘चॅम्पियन’ नावाचा नमुना. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर पक्कडवाला स्विसचॅम्प आला आणि हा मागे पडला. मुठीत खोचलेल्या चिमट्याचं टोक बघा, सगळा चिमटा धातूचाच असेल तर जुना. दात कोरायची काडी जागेवर आहे का? हसू नका, मूळ काडी-चिमटा नसला की घेणारा तिथूनच घासाघीस सुरू करतो. कात्रीची बारीक स्प्रिंग तुटली असेल तर नवी बसते, पण लाल कव्हर बदलून घेऊ नका. मी एकदा एक असाच दुरुस्तीला दिला. कोणाला ते सांगत नाही. काम चोख झालं, कव्हरही नवंकोरं घालून आलं, आणि चाकूचं वय त्याच्याबरोबर कचऱ्यात गेलं.

वेंगरचा छोटा ८५ मिमीचा असणार. ती कंपनी २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने घेतली आणि २०१३ मध्ये चाकूंवरचं वेंगर हे नाव बंद करायचं जाहीर झालं. तेव्हाही ‘आता भाव फुटणार’ म्हणून लोकांनी डझनांनी घेऊन ठेवले. मीही घेतले, अकरा. त्यातले नऊ अजून माझ्याकडेच आहेत. सगळ्यांनीच जपून ठेवलेल्या वस्तूचा तुटवडा कुठून होणार? (मॉलमध्ये आज वेंगरच्या पाठपिशव्या दिसतात, त्यावरून गोंधळू नका. नाव पिशव्या-घड्याळांवर चालू आहे.)

आणि भावाला एवढंच सांगा: मागितलेली किंमत बघू नको, विकल्या गेलेल्या वस्तू बघ. ईबेवर तशी वेगळी गाळणी आहे. मागायला काय, मीही माझ्या टोमॅटोच्या चाकूचे दोन लाख मागू शकतो.

सस्क्वेहानाकाठची

मायक्रॉन, ‘बंद’ आणि ‘दुर्मीळ’ला +१. त्यात इकडची भर घालते.

आम्ही पेनसिल्वेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो. इथे राज्य सरकारचं जुन्या मालाचं दुकान आहे आणि विमानतळावरच्या तपासणीत लोकांनी सोडलेल्या वस्तू तिथे विकायला येतात. २००१ नंतर विमानात चाकू नेणं बंद झालं, पण खिशात चाकू विसरणारी माणसं काही बंद झाली नाहीत. लाल स्विस चाकू तिथे ढिगाने असतात, आपल्याकडे मंडईत लिंबं असतात तसे. एकदा लेकाला घेऊन दिला त्याच्यावर ‘टू डॅड’ कोरलेलं निघालं. कोणा बाबांच्या वाढदिवसाचा चाकू आज माझ्या मुलाच्या दप्तरात आहे. शाळेचं नव्हे, कॅम्पचं दप्तर, लगेच ओरडू नका.

पण इथल्याच ब्रॅडफर्ड गावचे केस कंपनीचे चाकू मात्र लोक भिंग लावून बघतात. १९७० पासून त्यांनी पात्याच्या बुडाशी नावाखाली दहा ठिपके ठोकायला सुरुवात केली आणि दर वर्षी एक ठिपका कमी करत गेले. म्हणजे दहा ठिपके १९७०, एकच ठिपका १९७९. ऐंशीपासून पुन्हा दहा, पण नावातला एस विजेसारखा वाकडा. आमच्या शेजारच्या आजोबांकडे ओळीने मांडलेले आहेत. सहा ठिपक्यांचा एक त्यांना मिळत नाहीये आणि त्यासाठी ते देतील ती किंमत दुसरा कोणी देणार नाही.

मायक्रॉन

हे छान सांगितलंत. त्या आजोबांना सहा ठिपकेवाला मिळाला की त्याच चाकूची किंमत दुसऱ्या दिवशी पूर्ववत. गिऱ्हाईक एकच होतं ना!

धोबीतलाव_बॉय

अवांतर: आपल्या रामपुरीचं काय? तो पण गोळा करतात का? हिंदी पिक्चरमधला खटकेवाला.

मायक्रॉन

करतात. रामपूरकरांना अभिमानही आहे, २०२३ मध्ये तिथल्या चौकात २० फुटी चाकू उभा केलाय. पण तुम्ही संग्राहक आहात हे नाकाबंदीवरच्या हवालदारांना रात्री अकरा वाजता समजावून सांगायची तयारी ठेवा. माझी नाही.

राजमाचीकर

सर्वांचे आभार. काल रात्री तिघांनी बसून डबा उघडला.

चंदेरी ९३ मिमी, कडी नाही, उलट्या बाजूला व्हिक्टोरिनॉक्स. आवाज ‘खट्’ येतो. धार मात्र मूळची वाटत नाही, मामा बोटीवर त्याने केबलची सालं काढायचे असं ताईला आठवतंय. लालमध्ये पक्कड नाही! चिमटा पूर्ण धातूचा. दात कोरायची काडी मात्र नाही, तिच्या जागी मामांनी आगकाडी तासून अगदी घट्ट बसवलीय.

भावाला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणतो, ‘पण ती ९५,००० ची जाहिरात आजही तिथे आहे, म्हणजे किंमत आहेच ना?’

मायक्रॉन

ती जाहिरात मी तीन वर्षं बघतोय. फोटोतल्या टेबलक्लॉथवरचा चहाचा डागसुद्धा माझ्या ओळखीचा झालाय.

चंदेरी ताईंना द्या, यूजर आहे, पाच हजारांच्या वर जाणार नाही. चॅम्पियन विकायचाच असेल तर आधी मला दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. आगकाडी काढू नका.