असईच्या लढाईत शिपायांना काय दिसलं असेल?

जळगावकर_मी:
परवा सोयरिकीच्या कामाने अजिंठा घाट चढून भोकरदनकडे गेलो, वाटेत असईचा फाटा दिसला. २३ सप्टेंबर १८०३. शाळेत "इंग्रजांचा सेनापती वेलस्ली जिंकला, शिंदे-भोसले हरले" एवढ्यात उरकलेलं. नकाशे, बाण नकोत मला, जो उभा होता त्याला काय दिसलं ते सांगा कोणी.

पऱ्हाटी:
दिसत फार काही नव्हतं भो. असई काय नि वॉटर्लू (नेपोलियन हरला ती लढाई) काय, त्या काळच्या कोणत्याही शिपायाला आधी धूरच दिसायचा. बंदुकीची काळी दारू ती, ओल्या पऱ्हाट्या पेटवल्या की बांधावरचा माणूस दिसत नाही ना, तसं. त्यात कागदी काडतूस दातांनी फाडायचं, दारू तोंडात, सोरा खारट, म्हणून घसा कोरडा नि ओठ काळे. वॉटर्लूच्या २ दिवस आधी क्वात्र ब्रासच्या लढाईत तर राय नावाचं पीक डोक्याएवढं, आपल्या ज्वारीसारखं, समोरचा अंगावर आल्यावरच कळायचा.

तापीकाठ:
असईचं सांगतो. वाटाडे म्हणाले केळना नदीला उतार नाही. वेलस्लीने समोरासमोर दोन गावं पाहिली नि म्हणाला मग उतार असणारच (हे तर आपल्याकडे पोरगंही सांगेल). उतरताना त्याच्या जवळच्या स्वाराचं डोकं गोळ्याने उडालं. कॉलिन कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्याने पत्रात लिहिलंय की इतका शांत माणूस मी पाहिला नाही, आणि हेही की पुढे सरकायचा हुकूम मिळेपर्यंत निकाल कुठे झुकेल सांगता येत नव्हतं. मला दुसरं वाक्य जास्त खरं वाटतं.

जळगावकर_मी:
आणि शिंद्यांची बाजू?

तापीकाठ:
तीही बरीचशी इंग्रजांच्या लेखणीतूनच येते. पण तेच लिहितात की गोलंदाज तोफ सोडून हलले नाहीत, संगिनीने मारेपर्यंत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडले, पलटण पुढे गेल्यावर उठले नि तिच्याच पाठीवर तोफा डागल्या! शत्रू हे उगाच कशाला लिहील?

पऱ्हाटी:
इंग्रजांचे मेलेले नि जखमी मिळून दीड हजारावर. जखमींना दौलताबादच्या किल्लेदाराने आत घेतलं नाही, मग अजिंठ्याला दवाखाना उभारला.

जळगावकर_मी:
अजिंठ्याला? अहो, परवा तिथंच गाडी थांबवून चहा घेतला मी.