पोटातले 'जंतू' म्हणावं का 'जिवाणू', आन अन्न 'आंबतं' का 'आंबवतात'?

नमस्कार मंडळी. बचत गटाच्या बैठकीत आहारावर बोलायचं आहे. आतड्यात जे उपयोगी बॅक्टेरिया राहतात, आपल्या जेवणातल्या चोथ्यावर जगतात आन आपल्यालेच जीवनसत्त्वं बनवून देतात, त्याईले मराठीत काय म्हणावं? एका पुस्तिकेत 'मित्र जंतू' लिहिलंय, तर बाया म्हणते, जंताची तर गोळी घ्या लागते, त्याईले पोसायचं काहून? आन 'किण्वन', म्हंजे जिवाणूंनी अन्न आंबवणं, म्हटलं की सगळ्या चूपच बसते.

ताई, जंतू म्हनूच नका. आपल्याकडं जंत म्हंजे पोटातले किडे, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतेत ते त्याच्याचसाठी. जिवाणू म्हना, शेतकऱ्याच्या घरात हा शब्द काई नवा नाई, पेरणीच्या आंधी सोयाबीन-तुरीच्या बियाण्याले रायझोबियम चोपडतो ना आपण, त्या पाकिटावर 'जिवाणू संवर्धक'च लिहून रायते, 10 किलो बियाण्याले 250 ग्रॅम. ते मुळाच्या गाठीत राहून हवेतला नत्र झाडाले देते आन झाड त्याईले साखर देते. आतड्यातही तसाच घेणंदेणं हाय, असं सांगा, लगेच समजते.

जिवाणू एकदम बरोबर, दादा. पण खरा घोळ 'आंबणं' या शब्दात आहे. वरण आंबलं म्हणजे फेकून द्यायचं, अंग आंबलं म्हणजे कामानं दुखून आलं, आणि पीठ आंबवलं म्हणजे आपण मुद्दाम, खायसाठी. म्हणून 'पोटात अन्न आंबतं' म्हटलं की लोकांना आंबट ढेकर अन् पित्तच आठवतं, ते तर जठरातलं दुखणं, आणि हे जिवाणू काम करतात मोठ्या आतड्यात. ताई, 'जिवाणू चोथा आंबवतात' असं पूर्ण म्हणा, कोण आंबवतंय ते वाक्यात आलंच पाहिजे, 'किण्वन' राहू द्या पुस्तकात. ज्वारीची भाकर, हरभरा, तूर, पालेभाज्या यातला जो भाग लहान आतड्यात पचत नाही तो ते आंबवतात आणि त्यातून मुख्य तीन आम्लं तयार होतात, ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट. यातलं ब्युटिरेट मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना जवळपास 70 टक्के ऊर्जा त्यातून मिळते. ते नाव लोण्याच्या लॅटिन शब्दावरून आलंय, तुपातही हे आम्ल असतं, पण म्हणून त्याला 'लोणी-आम्ल' करू नका, आहे तेच नाव ठेवा. शिवाय हे जिवाणू के-2, फोलेट, बायोटिन ही जीवनसत्त्वंही बनवतात.

फक्त बी-12 च्या बाबतीत जपून बोला, ही कळकळीची विनंती. जिवाणू ते बनवतात हे खरं, पण बनवतात मोठ्या आतड्यात, आणि आपलं शरीर ते शोषून घेतं त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. त्यामुळे त्याचा आपल्याला उपयोग होत नाही. गाईचं उलट आहे, तिचं वैरण आधी पहिल्या मोठ्या पोटात आंबवलं जातं, मग लहान आतड्यात जातं, म्हणून तिला बी-12 मिळतं आणि दुधातून आपल्यालाही. 'जिवाणू सगळं देतात' असं सांगितलं तर ज्या बाया दूध-अंडी काहीच खात नाहीत त्यांचं नुकसान होईल.

समजलं. मंग विरजणातले जिवाणू आन आतड्यातले एकच का?

नाही ताई. विरजणातले दुधातली साखर आंबवून लॅक्टिक आम्ल करतात, दही त्यानंच लागतं. ताकातून ते पोटात जातात, पण बहुतेक तिथं मुक्कामाला राहत नाहीत, थोड्या दिवसात निघून जातात. ताक चांगलंच आहे, पण जे आतड्यात वस्तीला आहेत त्यांचं खाणं म्हणजे चोथा, म्हणून 'ताक प्या' आणि 'चोथा खा' या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगा.

आन 'चोथा' म्हटलं का बायाइले रस काढून फेकलेला माल वाटते, म्हून 'धान्याचा, भाजीचा न पचणारा भाग' असंही सोबत म्हना. नुसता 'कोंडा' नका म्हनू, कोंडा दाण्यालेच रायते, भाजीले नाई.