पाण्याच्या दुष्काळाचं जग आणि पाणी निर्माण करणारा क्लेरिक: स्पेलवर बंदी घालावी का?

कोरडा दर्या

नवं होमब्रू कॅम्पेन (स्वतः रचलेली, अनेक बैठकांत खेळायची कथा) बांधतोय. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिकांचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, पात्रांची सुरुवात पहिल्या लेव्हलपासून. समुद्र आटून तीन पिढ्या लोटल्यात, जुनी बंदरं आता मिठाच्या मैदानाच्या काठावर उभी आहेत, आणि ज्याच्या ताब्यात विहीर त्याची सत्ता. सेशन झिरोआधी (खेळ सुरू होण्यापूर्वीची बैठक) हाऊस रूल, म्हणजे आमचे स्वतःचे नियम, पक्के करायचे आहेत. सध्या हे चार:

१. 'क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर' (क्लेरिकचा, म्हणजे पुजारी पात्राचा, पाणी निर्माण करणारा स्पेल) आणि 'गुडबेरी' (पोट भरणारी फळं देणारा स्पेल) दोन्ही बंद.
२. लाँग रेस्ट (आठ तासांची विश्रांती, जिने स्पेल टाकायच्या संधी परत मिळतात) फक्त वस्तीत. मैदानात आठ तास झोपलं तरी फायदा शॉर्ट रेस्टचाच (छोट्या विश्रांतीचा).
३. हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर नॅचरल १ (फाशाचा आकडाच १) आला की फम्बल टेबल: शस्त्र सुटतं, तोल जातो, कधी सोबत्यालाच लागतं.
४. पोशन (जादुई औषध) पिणं ही बोनस ॲक्शन, म्हणजे टर्नमधली जादाची छोटी कृती.

पहिल्या नियमावर मी ठाम आहे. पुस्तकाप्रमाणे माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं, कडक उन्हात दोन. हा पाण्याचा स्पेल पहिल्या लेव्हलच्या एका स्लॉटमध्ये, म्हणजे स्पेल टाकायच्या एका संधीत, दहा गॅलन देतो. म्हणजे पाच जणांची पार्टी (पात्रांचा गट) भर उन्हात एका स्लॉटवर अख्खा दिवस काढणार. मग विहिरीसाठी कुणी जीव का धोक्यात घालावा?

पुस्तकी

चौथ्याला हरकत नाही, २०२४ च्या पुस्तकात तो मूळ नियमच झालाय. बाकी तिन्हींना माझा विरोध. एकदाही न खेळलेल्या कॅम्पेनला चार नियम जोडले, तर काही बिघडल्यावर कुठल्या नियमामुळे बिघडलं हे कळायला मार्ग नाही. पहिली काही सेशन्स पुस्तकाप्रमाणे खेळा, जिथे खरंच अडतं तिथेच हात घाला.

वीसबाजू

पुस्तकी, असहमत. दुष्काळाचं जग आहे हे खेळाडूंना पहिल्या दिवसापासून जाणवायला हवं. चार सेशन्स सुकाळात काढायची आणि मग अचानक स्पेल काढून घ्यायचा, याने जास्त राग येतो. नियम आधीच सांगितलेला बरा. आणि फम्बल तर हवंच. १ पडला की टेबलावर सगळे पुढे झुकतात. तिथे नुसतं "हुकलं" म्हणून पुढे जाणं जिवावर येतं.

नकाशेवाली

मला बंदीच पटत नाही, आणि त्याचं कारण या जगातच आहे. पाणी निर्माण करू शकणारा क्लेरिक अशा शहरात आला तर काय होईल, हा या कॅम्पेनमधला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे आणि तोच तुम्ही खोडून टाकताय. विहिरीचे मालक त्याला विकत घेऊ पाहतील, नाही जमलं तर मारू पाहतील. तहानलेले लोक रात्री दाराशी येऊन बसतील. पहिल्या लेव्हलला त्याच्याकडे फक्त दोन स्लॉट. बाहेर माणसं उभी आहेत, आत फायटर (लढवय्या पात्र) जखमी पडलाय, स्लॉट एकच उरलाय. मला डीएम (खेळ चालवणारी) म्हणून हा प्रसंग हवा आहे, आणि बंदी घातली तर तो कधीच येणार नाही.

आता हिशोबाचं बघा. स्पेलमधलं पाणी उघड्या भांड्यात तयार होतं. भांडं नसेल तर पाऊस होऊन जमिनीवर पडतं. पुस्तकातल्या पखालीत चार पिंट मावतात, म्हणजे अर्धा गॅलन. दहा गॅलन भरायला वीस पखाली लागतील, आणि भरलेल्या एकीचं वजन पाच पौंड. दहा स्ट्रेंग्थच्या (साधारण ताकदीच्या) माणसाची अंगावर वाहायची कमाल मर्यादाच दीडशे पौंड! तुमच्या जगात खरी टंचाई पखालींची, पिंपांची, कातड्याची करा. स्पेल जसाच्या तसा राहू द्या.

कोरडा दर्या

नकाशेवाली, दाराशी बसलेली माणसं मी नक्की वापरणार. पण भांड्यांचा मुद्दा पुरेसा वाटत नाही. पाणी वाहून कशाला न्यायचं? रोज मुक्कामाला स्पेल टाकायचा, एका बादलीत जमेल तेवढं घ्यायचं, सगळ्यांनी प्यायचं, उरलेलं सोडून द्यायचं. टंचाई शहरात राहते, प्रवासात नाही. आणि माझं अर्धं कॅम्पेन प्रवासात आहे.

शेवटचा स्लॉट

तुमचा दुसरा नियम लागू असेल तर पहिल्याची गरजच नाही. वस्तीबाहेर लाँग रेस्ट नाही, म्हणजे मैदानात क्लेरिकचे स्लॉट परत येतच नाहीत. तिसऱ्या लेव्हलचा क्लेरिक धरा (स्लॉटच्या लेव्हल पात्राच्या लेव्हलपेक्षा वेगळ्या): पहिल्या लेव्हलचे चार स्लॉट, दुसऱ्याचे दोन. वरच्या स्लॉटने टाकला तर पाणी दुप्पट. पाच जण, सहा दिवस, कडक ऊन: साठ गॅलन. पहिले चारही स्लॉट आणि दुसऱ्यापैकी एक गेला. पलीकडच्या शहरात पोचताना त्याच्या हातात एकच स्लॉट उरतो, तोही वाटेत कुणी हल्ला केला नाही तर. पाणी द्यायचं की जीव वाचवायचा, हा पेच रोज पडेल, आणि स्पेल बंद केला तर पडणारच नाही.

गुडबेरीला एका वाक्याचा निर्णय पुरे: फळाने पोट भरतं, तहान भागत नाही. तेवढं ठरवायचा डीएमला पूर्ण अधिकार आहे.

मात्र दुसऱ्या नियमाचे धागे लांबवर जातात, ते सोडू नका. वॉरलॉकचे (जादूगार पात्राचा एक प्रकार, विझर्ड हा दुसरा) स्लॉट शॉर्ट रेस्टला परत येतात, फायटरची ॲक्शन सर्जही (टर्नमध्ये एक जादा कृती). विझर्डला मात्र 'आर्केन रिकव्हरी'ने शॉर्ट रेस्टला दिवसातून एकदाच, तेही थोडेच स्लॉट परत मिळतात. त्याचं 'मेज आर्मर' (कवचाचा स्पेल) आठ तास टिकतं. सहा दिवस अंगावर ठेवायचं तर ते थोडके स्लॉट बहुतेक त्यातच जाणार. आणि सगळ्यात घातक म्हणजे एक्झॉशन, थकव्याच्या सहा पायऱ्या. पाणी कमी पडलं की एक्झॉशन चढणार, उतरतं लाँग रेस्टने, ती मैदानात नाही, आणि सहाव्या पायरीला थेट मृत्यू. अर्ध्या वाटेत पार्टी संपेल. इथे सूट लागेलच: पुरेसं पाणी पिऊन आठ तास झोपलं तर एक पायरी उतरते, स्लॉट मात्र येत नाहीत.

पुस्तकी

मी म्हणतोय तेच होतंय. एका नियमाला सांभाळायला दुसरा, दुसऱ्याला सांभाळायला तिसरा. २०१४ च्या डीएम गाइडमध्ये यासाठी तयार पर्याय आहे: शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. तो घ्या, निदान सगळ्यांना वाचायला तरी मिळेल.

फम्बलवरही बोलायला हवं. एक हल्ला करणाऱ्याला दर टर्नला १ पडायची शक्यता ५ टक्के. विसाव्या लेव्हलचा फायटर चार हल्ले करतो, त्याला निदान एकदा १ पडायची शक्यता साडेअठरा टक्के. म्हणजे आयुष्यभर तलवार चालवलेला माणूस नवशिक्यापेक्षा जास्त वेळा तलवार पाडणार. आणि 'फायरबॉल' (एकदम अनेकांना भाजणारा आगीचा गोळा) टाकणारा विझर्ड हल्ल्याचा फासा टाकतच नाही, शत्रू सेव्ह (बचावाचा फासा) टाकतात, म्हणून त्याला फम्बल ठाऊकच नाही. आधीच बलवान असलेल्याला मोकळं सोडून फायटरला शिक्षा करणारा हा नियम आहे. जो खेळाडू फायटर घेतो त्याच्यावर हा अन्याय आहे, आणि मला तो मनापासून खुपतो.

वीसबाजू

हिशोब मान्य, निष्कर्ष नाही. फम्बल टर्नच्या फक्त पहिल्या हल्ल्याला लावा, मग सगळ्यांना ५ टक्केच. सोबत्याला लागणं काढून टाका, त्याने टेबलावर भांडणं होतात. आणि सेव्हवर शत्रूला २० पडला तर स्पेल टाकणाऱ्यालाही काहीतरी भोगायला लावा.

पुस्तकी

म्हणजे आणखी एक नियम. आणि फायरबॉलमध्ये दहा शत्रू सापडले तर दहा फासे, त्यातला एखादा २० यायची शक्यता चाळीस टक्के. या वाटेने गेलात तर विझर्ड फायरबॉल टाकणंच सोडेल. नको.

कोरडा दर्या

फम्बलचं मतदान सेशन झिरोला खेळाडूच करतील, पुस्तकींचा हिशोब त्यांच्यासमोर ठेवून. सात दिवसांची लाँग रेस्ट मला नको. मला दिवस मोजायचे नाहीत, गाव गाठायची ओढ हवी आहे. म्हणून वस्तीचा नियम आणि एक्झॉशनची सूट, दोन्ही राहतील. पाण्याचा स्पेल खुला, गुडबेरीने तहान भागणार नाही. हे सगळं पात्र बनवायच्या आधी लेखी देणार, म्हणजे विझर्ड घ्यायचा की वॉरलॉक हे कळून सवरून ठरेल.

पुस्तकी

पाचव्या लेव्हलचं काय? तिथे क्लेरिकला 'क्रिएट फूड अँड वॉटर' मिळतो. तिसऱ्या लेव्हलच्या एका स्लॉटमध्ये तीस गॅलन पाणी, वर पंधरा जणांचं अन्न. तुमचा साठ गॅलनचा हिशोब दोन स्लॉटमध्ये आटोपला.

कोरडा दर्या

तिथे मैदान ओलांडणं सोपं होऊ दे, त्यांनी ते कमावलेलं असेल. पाचव्या लेव्हलला पार्टी स्वतःच एक चालती विहीर होते, आणि विहिरींचे मालक गप्प बसणारे नाहीत. पहिला भाग मी चौथ्या लेव्हलच्या शेवटी संपवतो. दुसऱ्या भागाची सुरुवात क्लेरिकला आलेल्या निमंत्रणाने होईल. ते स्वीकारायचं की नाही ते पार्टीने ठरवायचं.

नकाशेवाली

निमंत्रण एका मालकाकडून नको, एकमेकांचे वैरी असलेल्या दोघांकडून एकाच दिवशी येऊ दे.