आखूड पास की लांब फेक? कॅन्सस सिटी चीफ्सच्या सराव शिबिरातील वेळेचा प्रश्न

मिसुरीकर :

कॅन्सस सिटी चीफ्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ २०१० पासून, कोविडचे वर्ष सोडले तर, आपले उन्हाळी सराव शिबिर मिसुरी राज्यातील सेंट जोसेफ या गावी, मिसुरी वेस्टर्न विद्यापीठाच्या मैदानावर भरवत आला आहे. माझ्या घरापासून हे गाव तासाभराच्या अंतरावर असल्याने गेल्या उन्हाळ्यात मी दोनदा तेथे गेलो, आणि तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. शिबिराचे दिवस मोजके असतात. त्या दिवसांत पास खेळण्यासाठी जो वेळ मिळतो, तो पाच-सात यार्डांच्या आखूड पासला द्यावा, की चाळीस-पन्नास यार्डांच्या लांब फेकीला?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि ते अंतर कापले की पुन्हा चार मिळतात. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक आणि धावत जाऊन तो झेलणारा रिसीव्हर.

माझे मत आखूड पासच्या बाजूचे आहे आणि ते दोरीच्या अलीकडे उभे राहून जे पाहिले त्यातून बनले आहे. एक नवखा रिसीव्हर काही पावले सरळ धावून आतल्या बाजूला वळत होता. या चालीत तो वळण्यापूर्वीच चेंडू हातातून सुटलेला असतो, कारण क्वार्टरबॅकची मागे घेतलेली पावले आणि रिसीव्हरची पुढे टाकलेली पावले एकमेकांशी बांधलेली असतात. हा मुलगा एक पाऊल उशिरा वळला आणि चेंडू त्याच्या खांद्यामागून निघून गेला. प्रशिक्षक रागावले नाहीत. त्यांनी दोघांना पुन्हा आपापल्या जागी उभे केले, आणि पुन्हा, आणि पुन्हा. सातव्या की आठव्या खेपेला चेंडू छातीसमोर धरलेल्या तळव्यांत आला आणि त्याचा आवाज आमच्यापर्यंत ऐकू आला. हे काम हंगाम सुरू झाल्यावर होत नाही, कारण मग दर आठवड्याला समोरचा संघ वेगळा असतो आणि सारी तयारी त्याच्याभोवती फिरते. ज्या गोष्टीवर केवळ आवर्तनांनीच हात बसतो, तिलाच शिबिराचा मोठा वाटा मिळायला हवा, असे मला मनापासून वाटते.

लांबपल्ला :

मिसुरीकर, आपले निरीक्षण सुंदर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

आखूड पास यशस्वी होतो तो केवळ पावले जुळली म्हणून नव्हे, तर बचावातील शेवटचे दोन खेळाडू, ज्यांना सेफ्टी म्हणतात, ते मागे राहतात म्हणून. ते मागे का राहतात? डोक्यावरून चेंडू जाईल या भीतीने. ही भीती नाहीशी झाली की ते आठ-दहा यार्ड पुढे येऊन उभे राहतात, आणि मग आपल्या त्या नवख्या मुलाने कितीही वेळेवर वळण घेतले तरी चेंडूपाशी दोन बचावपटू आधीच पोहोचलेले असतात. लांब फेक दहापैकी तीनदाच लागली, तरी उरलेल्या सात वेळाही ती वाया जात नाही, कारण ती बचावाला मागे खेचून धरते.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. चुकण्याची किंमत जेथे शून्य आहे, अशी जागा वर्षभरात शिबिराशिवाय दुसरी कोणती आहे? १७ सामन्यांच्या हंगामात एक फेक प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडली तरी सामना जाऊ शकतो. दोन बचावपटूंच्या मधल्या फटीतून चेंडू जाईल की नाही, आपल्या रिसीव्हरचा खरा वेग किती आणि त्याच्या पुढे नेमका किती चेंडू टाकायचा, हे तपासून पाहण्याची मुभा क्वार्टरबॅकला सेंट जोसेफलाच मिळते. आखूड पासमध्ये तपासण्यासारखे थोडे असते आणि घोटण्यासारखे पुष्कळ. लांब फेकीत नेमके उलटे आहे.

२ फेब्रुवारी २०२० चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, आठवून पाहावा. समोर सॅन फ्रान्सिस्कोचा फोर्टी नाइनर्स संघ होता. चौथ्या सत्रात चीफ्स १० विरुद्ध २० असे मागे होते, तिसरा प्रयत्न होता आणि पुढे जायचे होते १५ यार्ड. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सने बरेच मागे सरकून रिसीव्हर टायरीक हिलकडे जो चेंडू फेकला, त्याने ४४ यार्ड मिळाले आणि त्यानंतर संघाने सलग २१ गुण करून सामना ३१-२० असा जिंकला. पाच यार्डांच्या पासने त्या क्षणी काय साधले असते?

सनीवेलकर :

तो सामना मी फोर्टी नाइनर्सचा पाठीराखा म्हणून पाहिला आहे आणि ती फेक मी विसरू शकत नाही. तरीही मी मिसुरीकरांच्या बाजूने उभा आहे.

आखूड पासच्या या पद्धतीचा उगम सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. १९६९ साली सिनसिनाटी बेंगल्सकडे ग्रेग कुक नावाचा नवा क्वार्टरबॅक आला. त्याची लांब फेक अप्रतिम होती आणि संघाची आखणी तिच्यावरच उभी होती. त्याच हंगामात, तोही कॅन्सस सिटीविरुद्धच्या सामन्यात, त्याचा खांदा दुखावला आणि त्या दुखापतीमुळे पुढे त्याची कारकीर्द जवळजवळ संपली. त्याची जागा घेणाऱ्या व्हर्जिल कार्टरच्या हातात तेवढी ताकद नव्हती. तेव्हा बेंगल्सचे साहाय्यक प्रशिक्षक असलेल्या बिल वॉल्श यांनी मैदानाच्या रुंदीचा उपयोग करून घेणारी, पावलांच्या तालावर चालणारी आखूड पासांची रचना बसवली. १९७० मध्ये बेंगल्सनी आपला गट जिंकला आणि १९७१ मध्ये ६२.२ टक्के पास पूर्ण करून कार्टर त्या बाबतीत लीगमध्ये पहिला आला.

हीच रचना वॉल्श यांनी १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आणली. पहिल्या वर्षी १६ पैकी केवळ २ सामने जिंकणारा संघ जानेवारी १९८२ मध्ये विजेता झाला. जानेवारी १९८९ च्या सुपर बोलमध्ये शेवटची तीन मिनिटे आणि काही सेकंद उरले असताना त्यांचा क्वार्टरबॅक जो मोंटानाने स्वतःच्या ८ यार्डांच्या रेषेपासून ९२ यार्ड कापून सामना जिंकून दिला. त्यातील सर्वांत मोठी, २७ यार्डांची चालही लांब फेक नव्हती. रिसीव्हर जेरी राइसने चेंडू मध्यभागी झेलला आणि उरलेले अंतर तो पळाला. दडपणाखाली माणूस सवयीचेच करतो, आणि ती सवय रॉकलिन या गावी भरणाऱ्या फोर्टी नाइनर्सच्या उन्हातल्या शिबिरांत लागलेली होती.

आणखी एक दुवा सांगतो. चीफ्सचे प्रशिक्षक अँडी रीड हे ग्रीन बेच्या संघात मुख्य प्रशिक्षक माइक होमग्रेन यांचे साहाय्यक होते आणि होमग्रेन हे वॉल्श यांच्या हाताखाली तयार झाले होते. सेंट जोसेफला आपण जे पाहिले, ते त्याच परंपरेतले आहे.

लांबपल्ला :

सनीवेलकर, आपण दिलेला इतिहास माझ्याच बाजूने बोलतो असे मला वाटते. कुकचा खांदा दुखावला नसता तर वॉल्श यांनी ती रचना बसवली असती का? ती अडचणीतून निघालेली वाट होती आणि फार हुशारीने काढलेली होती, हे मी आदराने मान्य करतो. पण ज्या संघाकडे महोम्ससारखा हात आहे, त्याने कार्टरच्या हाताला शोभणारा सराव का करावा?

चीफ्सकडे महोम्सच्या आधी अ‍ॅलेक्स स्मिथ होता. अतिशय नेमका, चेंडू जपून खेळणारा. २०१७ मध्ये क्वार्टरबॅकच्या गुणांकनात तो १०४.७ गुणांसह लीगमध्ये पहिला होता. तरीही संघाने त्याला जाऊ दिले, आणि २०१८ मध्ये महोम्सने पासवर ५,०९७ यार्ड आणि ५० टचडाउन (चेंडू गोल रेषेपलीकडे पोहोचवून मिळणारे गुण) केले. एवढे नेमकेपण हाताशी असूनही रीड यांना आणखी काही हवे होते, हे त्यातून दिसत नाही का? शिवाय वॉल्श यांनी १९६६ मध्ये ओकलंड रेडर्सकडे, म्हणजे लांब फेकीवर श्रद्धा असलेल्या अल डेव्हिस यांच्या संघात काम केले होते. मैदान लांबीतही ताणावे लागते, हे ते तेथे शिकलेच असणार.

पाचजण :

आपण सगळेच चेंडू हवेत गेल्यानंतरचे बोलत आहात. तो हवेत जाईपर्यंत क्वार्टरबॅकला उभे कोण ठेवते, याचा उल्लेख अजून कोणीच केला नाही. त्याच्यासमोरच्या पाच जणांच्या फळीविषयी मी बोलतो आहे.

आखूड पासला दोन-अडीच सेकंद पुरतात. लांब फेकीला एखादा सेकंद जास्त लागतो आणि तो एक सेकंद फळीला विकत घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये चीफ्सच्या फळीतील दोन्ही टोकांचे नेहमीचे खेळाडू दुखापतीमुळे बाहेर होते. टॅम्पा बेने सेफ्टी मागे ठेवून लांब वाटा बंद केल्या, महोम्स पूर्ण सामना जीव मुठीत धरून पळत राहिला आणि एकही टचडाउन न होता संघ ९-३१ असा हरला. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाने जास्तीचा एकही माणूस अंगावर न पाठवता त्याला सहा वेळा पाडले. त्या दोन रात्री हात तोच होता, उभे राहायला वेळ नव्हता.

आता शिबिराकडे वळतो. तेथे क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते आणि त्याला कोणी हात लावायचा नसतो. सात विरुद्ध सातच्या सरावात तर समोर फळीच नसते. तो चार सेकंद निवांत उभा राहतो आणि चेंडू पन्नास यार्डांवर सोडतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, संध्याकाळी त्याच फेकीचे चित्रण सगळीकडे फिरते. त्या चार सेकंदांचा हंगामाशी काहीही संबंध नसतो. मात्र मिसुरीकर, आपल्या आखूड पासलाही हीच अडचण आहे. शिबिरात झेल घेतलेल्या खेळाडूला सहसा जमिनीवर पाडत नाहीत. पाच यार्डांच्या पासचे खरे मोल झेलानंतर मिळणाऱ्या यार्डांत असते आणि नेमके तेच तेथे फारसे तपासले जात नाही.

तळवलकरीण :

मी ह्यूस्टनमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून एवढेच जोडते. पूर्ण वेगाने चाळीस यार्ड धावणे, परत चालत येणे आणि थोड्या वेळाने पुन्हा धावणे, याचा भार मांडीच्या मागच्या स्नायूंवर फार पडतो, आणि ऑगस्टच्या दमट उन्हात, सुट्टीवरून नुकत्याच परतलेल्या शरीरावर तर अधिकच. रिसीव्हरचा हा स्नायू एकदा ताणला गेला की तीन-चार आठवडे सहज जातात. लांब फेकींची संख्या ठरवताना फेकणाऱ्याचा हात मोजला जातो, तसे धावणाऱ्याचे पायही मोजायला हवेत.

मिसुरीकर :

पाचजण यांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो मी स्वीकारतो. झेलानंतरच्या धावेचा कस शिबिरात फारसा लागत नाही हे खरेच आहे. तेवढ्यापुरता माझा दावा मी आवरता घेतो आणि म्हणतो की, शिबिर पाय, नजर आणि वेळ एवढेच शिकवू शकते. पण आखूड पासला सर्वांत आधी लागते तेही तेवढेच. लांब फेकीला मात्र वेळ विकत घेऊन देणारी फळी लागते, म्हणून ती सात विरुद्ध सातमध्ये न खेळता फक्त अकरा विरुद्ध अकराच्या सरावातच खेळावी, अशी सूचना मी करतो. त्याने संख्या आपोआप कमी होईल आणि तळवलकरीण यांची काळजीही दूर होईल.

लांबपल्ला यांना मात्र एक गोष्ट विचारतो. मार्च २०२२ मध्ये टायरीक हिलला मायामीला देऊन टाकल्यावर लांब फेकीचा मुख्य धावपटूच संघात उरला नाही. त्या हंगामात महोम्सने ५,२५० यार्ड केले, लीगमध्ये सर्वाधिक, आणि फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये संघाने फिलाडेल्फियाला ३८-३५ असे हरवले. त्या सामन्याच्या चौथ्या सत्रातील दोन टचडाउन पास ५ आणि ४ यार्डांचे होते; दोन्ही वेळा रिसीव्हर आत येतो असे भासवून उलट बाहेर वळला आणि त्याच्या आसपास कोणीही नव्हते. पुढच्या वर्षीच्या सुपर बोलमध्ये जादा वेळेत २५-२२ असा विजय मिळाला, तोही ३ यार्डांच्या पासवर. दोन विजेतेपदे जर अशा पासांवर मिळाली असतील, तर शिबिराचा वेळ त्यांच्यापासून काढून कशासाठी घ्यायचा?

लांबपल्ला :

मिसुरीकर, गोल रेषेपासून ५ यार्डांवर उभे असताना लांब फेकीला जागाच नसते, म्हणून त्या तीन पासांवरून सबंध मैदानाचा निवाडा करणे मला योग्य वाटत नाही. तेथवर संघ कसा पोहोचला, हे पाहावे लागेल. हिल गेल्यानंतरही पहिली काही वर्षे प्रतिस्पर्धी सेफ्टी मागेच उभे राहत, कारण महोम्सच्या हाताची आठवण ताजी होती. आखूड पासांना जी मोकळी जागा मिळाली ती त्या आठवणीची कमाई होती, आणि आठवण दरवर्षी नव्याने जागवावी लागते.

सात विरुद्ध सातमधील लांब फेकी कमी कराव्यात, हे मला मान्य आहे. पण अकरा विरुद्ध अकरामध्ये, फळी पूर्ण जोर लावून थोपवत असताना, रोज किमान चार-पाच लांब फेकी व्हायलाच हव्यात आणि त्या चुकल्या तरी दुसऱ्या दिवशी तेवढ्याच व्हायला हव्यात, यावरून मी हटणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात मीही सेंट जोसेफला येणार आहे. आपण आखूड पासांच्या बाजूला उभे असाल. मी मैदानाच्या त्या टोकाला असेन, जेथे या फेकी उतरतात.