देशपांडे महिना : पु. ल. सोडून कोण कोण?

रविवारची मंडळी

नमस्कार. प्रतापनगर-खामला भागातल्या आम्ही सातआठ जणी महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुणा एकीच्या घरी जमतो. चहा-पोहे होतात, मग पुस्तकं. यंदा एक खेळ काढलाय : महिन्याला एक आडनाव. त्या आडनावाचा लेखक प्रत्येकीने वेगळा आणायचा, वाचायचा आणि त्यावर बोलायचं.

मागचा महिना जोशींचा झाला. चिं. वि. जोशींचा चिमणराव आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं 'वैदिक संस्कृतीचा विकास' एकाच टीपॉयवर, शेजारी चिवड्याची वाटी. खरी गंमत पुढेच झाली. दोघी जणी शरद जोशीच घेऊन आल्या! आता वाद होणार, म्हणून आम्ही सरसावून बसलो. तर एकीच्या हातात शेतकरी संघटनेवाल्यांचं 'अंगारमळा', आणि दुसरीकडे हिंदीतले व्यंगकार शरद जोशी, 'जीप पर सवार इल्लियाँ'. एक जण स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळच्या कोरडवाहू जमिनीत उतरलेला, दुसरा उज्जैनचा, पुढे 'ये जो है जिंदगी' मालिका लिहिणारा. सरकारी कारभारावर दोघांचाही राग, पण तो काढायची तऱ्हा अगदी निराळी. त्या दिवशी चहा तीनदा झाला.

आता देशपांडे. पु. लं.वर बंदी घातली आहे. त्यांच्यावरच्या रागाने नाही हो. पण ते आले की पुस्तक बाजूला राहतं आणि सगळ्या एकमेकींना पाठ असलेलंच ऐकवत बसतात. विदर्भातले देशपांडे असले तर फार बरं. सगळ्या कथा-कादंबऱ्याच नकोत. एकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तिला थोडं थोडं वाचता येईल असं काही सुचवा.

धंतोलीचा जावई

सुनीताबाई. 'आहे मनोहर तरी'. विषय संपला.

रविवारची मंडळी

ते आम्ही सगळ्यांनी वाचलंय भाऊ, एकीने तर भांडण करण्यापुरतं दोनदा. दुसरं सांगा.

तळाचा खण

ताई, माझी उभी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, त्यामुळे या प्रश्नावर हात शिवशिवले. कॉम्प्युटर येण्याआधी लाकडी खणांत कार्डं असायची, तळाशी भोक आणि त्यातून ओवलेली पितळी सळई. देशपांड्यांचा खण इतका गच्च की कार्ड मागे ढकलायला बोट शिरत नसे. त्यात पु. लं.ची कार्डं वरच्या काठाला हाताच्या मळाने काळी पडलेली. त्यांच्या अलीकडेच 'देशपांडे, पु. य.'. ती कार्डं दुकानातून आणल्यासारखी कोरी.

तर पहिलं नाव तेच घ्या. पुरुषोत्तम यशवंत देशपांडे. हेही पुरुषोत्तमच, फक्त वडलांचं नाव बदललं, आणि त्या एका अक्षरापायी वाचक पुढच्या कार्डाकडे सरकत आला. हे आपल्या नागपूरचे. १९२७ साली त्यांची 'बंधनाच्या पलीकडे' आली तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. आज वाचताना संवाद लांबतात, भाषा सणावारी नेसायच्या शालूसारखी जड वाटते, पण चिकाटी ठेवा. हाच माणूस पुढे 'अनामिकाची चिंतनिका' लिहितो आणि त्याला १९६२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळतो. शिवाय पतंजलीच्या योगसूत्रांवर इंग्रजीत पुस्तक. एकाच देशपांड्यात तीन देशपांडे म्हणा ना. तुमच्यात कुणाला तत्त्वज्ञानाची आवड असेल तर चिंतनिका तिला द्या. झोपण्याआधी वाचायचं पुस्तक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्यांची मुलगी निर्मला देशपांडे, जन्म नागपूरचाच. विनोबांबरोबर भूदानात पायी हिंडल्या, पुढे राज्यसभेत गेल्या. त्यांनी हिंदीत कादंबऱ्या लिहिल्या, ईशोपनिषदावर भाष्य लिहिलं, विनोबांचं चरित्र लिहिलं. आणि 'बन्सी काहेको बजाई' लिहिणाऱ्या निर्मला देशपांडे या निराळ्या बाई. म्हणजे तुमच्या दोन शरद जोशींसारखा प्रकार इथेही करता येईल, आणि तोही हिंदी-मराठीचाच.

आता कुसुमावती. मूळच्या अमरावतीच्या जयवंत. लंडनला शिकून आल्या, मॉरिस कॉलेजात इंग्रजी शिकवलं. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई. त्याच वर्षी नोव्हेंबरात गेल्या. त्यांचं 'पासंग' हे समीक्षेचं पुस्तक घ्या. समीक्षा म्हटलं की लोक दचकतात, पण या बाई लेखकाला शाळामास्तरासारख्या मार्क देत नाहीत, शेजारी बसून बोलतात. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकावरचा त्यांचा ग्रंथ माझ्या मते आजही हाताशी ठेवावा असा आहे. पण तो जाडजूड, तुमच्या महिन्यात बसायचा नाही.

आणि त्यांचे यजमान आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल. तुमच्या मोतीबिंदूवाल्या मैत्रिणीसाठी हेच. 'दशपदी' घ्या, दहा ओळींच्या कविता. एक वाचायची, डोळे मिटून पडून राहायचं, संध्याकाळी दुसरी. १९७७ चं साहित्य अकादमीचं पारितोषिक आहे तिला. तुम्ही जोडीने काही वाचणार असाल तर 'कुसुमानिल', दोघांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार. त्या गेल्यावर, १९७२ मध्ये आलं. एकीने कुसुमची पत्रं मोठ्याने वाचावी, दुसरीने अनिलची. हशा होईल, आणि मध्येच कुणीतरी गप्पही होईल.

एक जाता जाता. या मंडळींत नातं शोधत बसू नका. देशपांडे हे परगण्याचा हिशेब ठेवणाऱ्याचं वतन. जितके परगणे तितकी घराणी. आणि बायकांचं पाहा : सुनीताबाई माहेरच्या ठाकूर, कुसुमावती जयवंत, गौरी देशपांडे कर्व्यांच्या. इंग्रजीत लिहिणाऱ्या शशी देशपांडे तर कन्नड नाटककार श्रीरंग यांची मुलगी, धारवाडच्या. हे आडनाव या चौघींकडे लग्नाने आलं. त्यामुळे तुमच्या या खेळात खरी विविधता बायकाच आणणार, असं माझं मत.

नियमाचा पक्का

काका, उत्तर झकास, पण अनिल बाद! टोपणनावाने लिहिणारा आडनावात कसा धरायचा? मुखपृष्ठावर 'देशपांडे' दिसला पाहिजे. उद्या कुणी केशवसुत आणून दामले महिना साजरा करेल.

तळाचा खण

करू द्या की, दामले महिना. तुमचा मुद्दा मात्र ग्रंथालयातही होता. अनिल 'अ'च्या खणात आणि कुसुमावती 'दे'च्या. आयुष्यभर एका घरात राहिले ते दोघं कार्डांत वेगवेगळ्या खोल्यांत. म्हणून मी 'देशपांडे, आत्माराम रावजी' असं एक जादा कार्ड लिहून आत 'पाहा : अनिल' अशी नोंद ठेवली होती. तेवढ्या आधारावर त्यांना महिन्यात घेऊन टाका.

बुलढाण्याचा

मेहकरचे ना. घ. राहूनच गेले न बाप्पा! ना. घ. देशपांडे, वकील माणूस, कवितेसाठी मुंबई-पुण्याला जाऊन बसला नाही. 'रानारानात गेली बाई शीळ' ही त्यांची कविता जी. एन. जोशींनी गायली. तबकडी घरोघर वाजून राहिली होती अन् कवीचा पहिला संग्रह 'शीळ' आला थेट १९५४ मध्ये. लोकांना गाणं पाठ, कवीचं नाव माहीत नाही. पुढे 'खूणगाठी'ला साहित्य अकादमी मिळालं. मोतीबिंदूवाल्या ताईंना वाचायचंही काम नाही, आधी गाणं ऐकवा, मग संग्रह हातात द्या.

अन् गाण्यावरून आठवलं. अनिलांचं 'वाटेवर काटे वेचीत चाललो' गायलं वसंतराव देशपांड्यांनी. कवी देशपांडे, गायक देशपांडे, दोघंही जन्माने मूर्तिजापूरचे. गाव केवढंसं, रेल्वेचं जंक्शन, अन् माणसं पाहा. नियमवाल्या भाऊंना विचारा, हे चालते का.

नियमाचा पक्का

चालते. गाणं पुस्तकात मोडत नाही, पण चालते.

हिशेबनीस

कथा-कादंबरी सोडून हवं आहे ना? वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी'. लेखक पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, आणि मी त्याच धंद्यातला, म्हणून जरा जास्तच जिव्हाळा. घराण्या-घराण्यांत स्वर आणि लय यांचं प्रमाण कसं बदलतं, हे ताळेबंद मांडल्यासारखं मांडलंय. गाण्यातलं काही कळत नसलं तरी वाचता येतं. फक्त वाचताना आग्रा, किराणा, जयपूर यांचं एकेक रेकॉर्डिंग लावून बसा, नाहीतर निव्वळ ताळेबंदच वाटेल.

नाटक हवं असेल तर गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा'. हे गोविंद पुरुषोत्तम, म्हणजे तळाच्या खणाचा 'पुरुषोत्तम' इथेही आलाच. जेएनयूत चीनचा अभ्यास शिकवायचे आणि मराठीत नाटकं लिहायचे. डाव्या विचारांच्या प्राध्यापकावर चौकशी समिती बसते, एवढंच नाटक, पण बोलणं असं धारदार की बैठकीत भूमिका वाटून वाचलंत तर खालच्या मजल्यावरचे वर येतील.

यवतमाळचे य. खु. देशपांडेही आहेत, 'महानुभावीय मराठी वाङ्मय', १९२५. ते तुमच्यापैकी जी सर्वांत चिवट असेल तिलाच द्या.

रविवारची मंडळी

बाप रे, इतके देशपांडे! वाटप करून टाकलं. 'दशपदी' डोळेवालीला, 'पासंग' मला, 'बंधनाच्या पलीकडे' आमच्यातल्या सर्वांत धीराच्या मैत्रिणीला. निर्मलाताई दोन्ही, दोघींनी मागून घेतल्या. 'घरंदाज गायकी'साठी एकीच्या यजमानांनीच हात वर केला. पुरुषांना प्रवेश नाही, पण स्पीकर त्यांचा असल्यामुळे या वेळेपुरता देतोय. य. खुं.ना कुणीच हात लावला नाही. चिवट कोण, यावर आमच्यात एकमत होईना.

'कुसुमानिल' बर्डीवर जुन्या पुस्तकांत शोधते, नाही मिळालं तर विदर्भ साहित्य संघात विचारीन.

काका, पुढच्या महिन्यासाठी काळे कसे वाटतात? व. पु. काळे बंद ठेवू आणि 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिणारे या. मा. काळे आणू. अजून कोणकोण काळे आहेत हो तुमच्या खणात?