जर्मनीत एक्स्चेंजला आलेय, तीन महिने होत आले तरी घरात पाहुणीच वाटतं, काय करू?

सांगलीची_लेक:
नमस्कार सगळ्यांना. मी १६ वर्षांची आहे, दहावी झाल्यावर रोटरीच्या युथ एक्स्चेंजमधून वर्षभरासाठी जर्मनीत आलेय, लोअर सॅक्सनीत छोटंसं गाव आहे. ऑगस्टमध्ये सगळं एकदम भारी वाटत होतं, आता नोव्हेंबर लागला आणि रोज संध्याकाळ झाली की पोटात कालवाकालव सुरू होते. होस्ट फॅमिली खरंच चांगली आहे, पण सगळ्या खोल्यांची दारं बंद. सातला सगळे टेबलावर येतात, प्रत्येकासमोर एक छोटी लाकडी फळी, त्यावर ब्रेड, चीज, काकडीच्या चकत्या, आणि खाऊन झालं की परत दारं बंद. आमच्याकडे दार फक्त झोपताना लागतं. शाळेत सगळ्यांचे ग्रुप पाचवीपासूनचे, हाय करतात, पुढे काहीच नाही. घरी आले की आईला व्हिडिओ कॉल लावते, हिवाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर मागे गेल्यापासून साडेचार तासांचा फरक झालाय म्हणजे इथे चार वाजले की तिकडे साडेआठ, सगळे जेवायला बसलेले असतात, मी नुसती बघत बसते दीड-दोन तास. दिवाळीत फोन ठेवल्यावर खूप रडले. जर्मन बऱ्यापैकी कळतं पण बोलायला तोंडच उघडत नाही. मला परत जायचं नाहीये, पण असं वर्षही काढायचं नाहीये.

निलगिरी८८:
अगं, आधी एक सांगते, नोव्हेंबर तिथे सगळ्यांनाच जड जातो, जर्मन लोकांनासुद्धा. मी २००९-१० ला तिकडेच होते, एक्स्चेंजलाच, आणि मला अजून आठवतंय की चारलाच अंधारायला लागायचं आणि मी खिडकीत उभी राहून शेजारच्या घरातला दिवा बघायचे.
दारांचं म्हणशील तर ते तुझ्यासाठी बंद नाहीये. हीटिंगची ऊब खोलीत राहावी म्हणून लावतात आणि सवयच तशी. टकटक करून आत गेलीस तर कुणाला राग येत नाही. पण तुझं दार बंद दिसलं की ते समजतात हिला एकटीला बसायचंय, आणि मान ठेवायचा म्हणून येत नाहीत. मला हे पाच महिन्यांनी कळलं, होस्ट आईनेच सांगितलं, आम्हाला वाटलं तुला शांतता आवडते. दोघी रडलो तेव्हा. तू पाच महिने थांबू नको. गृहपाठ खोलीत करू नको, किचनच्या टेबलावर घेऊन बस, ती काकडी कापत असेल तेव्हा सुरी मागून घे.
मित्रांचं शाळेत फार होत नाही तिथे, तास संपले की जो तो आपापल्या फेराइनला पळतो. फेराइन म्हणजे गावातलं मंडळ समज, हँडबॉल, कॉयर म्हणजे समूहगायन, लहान गावात मुलांचं अग्निशमन दलही असतं. कुठल्याही एकात नाव घाल, खेळता नाही आलं तरी. दर आठवड्याला तीच माणसं, तोच वार, त्यातनंच ओळख वाढते.
आणि वर्गात हात वर कर गं! तिथे तोंडी सहभागाचे मार्क असतात, त्यामुळे चुकीचं बोलणाऱ्याकडे कुणी बघत नाही, गप्प बसणाऱ्याकडे बघतात.

नाशिकची_काकू:
बाळा, मी आईच्या बाजूने लिहिते. माझा मुलगा असाच गेला होता, मीही रोज फोन करायचे, तो जेवला का हे ऐकल्याशिवाय घास उतरायचा नाही. शेवटी त्यानेच सांगितलं, आई तुझा फोन झाला की मला इथलं काहीच नको वाटतं. तेव्हा फार लागलं मनाला, पण रविवारवर आणलं आम्ही, आणि तीन-चार आठवड्यांत त्याच्या आवाजात फरक पडला. तू आईशी स्पष्ट बोल, तिला वाईट वाटेल पण समजेल. मधल्या दिवशी एखादा फोटो पाठव, तेवढा पुरतो.
एक मात्र लक्षात ठेव. घरात काही खरोखरच चुकीचं घडलं, भीती वाटली, तर रविवारची वाट बघायची नाही. रोटरीत प्रत्येक मुलाला एक काउन्सेलर दिलेला असतो आणि तो होस्ट घरातला नसतो, मुद्दाम. त्याला कधीही फोन कर.

सांगलीची_लेक:
ताई, काकू, थँक्यू, रडू आलं वाचून. काल किचनमध्ये बसले पुस्तक घेऊन. होस्ट आईने काही विचारलं नाही, नुसता दिवा माझ्या बाजूला सरकवला आणि चहा ठेवला. मग मीच म्हटलं की संध्याकाळी मला घर आठवतं. ती म्हणाली डिसेंबरच्या आधी आपण बिस्किटं करू, तुमच्याकडे काय करतात ते पण करू. मी करंज्या म्हणाले! पण मी एकटीने कधी केल्या नाहीयेत, आणि सामान कुठून आणू, इथे इंडियन दुकान नाही.

हॅनोव्हरकर:
इंडियन दुकान लागतच नाही त्याला, सगळं तुमच्या गावच्या सुपरमार्केटात मिळेल, शनिवारीच आण मात्र, रविवारी बंद. ४०५ नंबरचं पीठ म्हणजे आपला मैदा. बेकिंगच्या रॅकवर बघ, सुकं किसलेलं खोबरं कोकोसरास्पेल नावाने असतं, पिठीसाखर म्हणजे पुडरत्सुकर, वेलचीची पूड कार्डामोम. खसखस तिथे मोन, पण काळी-निळी मिळते, चालते, रंग वेगळा दिसेल एवढंच. खोबरं मंद आचेवर भाज, आधीच बारीक असतं त्यामुळे लगेच लागतं, हलवत राहा. तळणाचा वास घरभर राहतो, तो त्यांना सवयीचा नसतो, तेव्हा आधी विचार आणि किचनचं दार लावून खिडकी उघड. पारी लाटायला होस्ट आईला बसव, भरून कडा तू दुमड. आणि सगळ्या संपवू नका, चार डब्यात घालून सोमवारी वर्गात ने.