साके चाखताना नक्की बघायचं काय? तीन ग्लास, तीन चवी आणि मी गोंधळलेय

थालीपीठ_एक्सप्रेस

ऑफिसच्या कामासाठी तीन महिने टोकियोत आहे, त्यातले दोन संपले. पहिल्याच आठवड्यात टीमने इझाकायात (इथलं खाण्यापिण्याचं साधं बार) नेलं होतं, तिथे वाफाळती साके, म्हणजे इथली तांदळाची दारू, आली, एक घोट घेतला आणि नाकात असा भपकारा गेला की इंजेक्शनच्या आधी दंडाला लावतात ते स्पिरिटच आठवलं. म्हटलं हे आपलं काम नाही. पण गेल्या शुक्रवारी एका कलीगने दुसऱ्या एका छोट्या बारमध्ये नेलं, तिथे 'नोमिकुराबे' म्हणून सेट मिळतो, एका ट्रेमध्ये तीन छोटे ग्लास, तिन्हीत वेगळी साके, आणि काय सांगू, पहिल्या ग्लासाला चक्क पिकल्या केळ्याचा वास! फ्लेवर घातलाय का विचारलं तर कलीग हसायलाच लागला. दुसरी एकदम स्वच्छ, गिळली की संपली, मागे काही उरतच नाही. तिसरी जरा पिवळट, आंबटसर, ताकाच्या वळणाची म्हणा ना, आणि मला तीच सगळ्यात आवडली. नाव विचारायचं राहिलं, बाटलीवर ६५% लिहिलेलं तेवढं दिसलं. ६५% अल्कोहोल असेल तर मी तिथेच आडवी झाले असते, मग हा आकडा कसला? आणि गरम प्यायची की गार? बाबांना एक बाटली न्यायची आहे, ते संध्याकाळी एक पेग घेणारे, शौकीन वगैरे नाहीत.

निशिकसाईकर

११ वर्षं झाली इथे, त्यामुळे थोडं लांबेल, चहा घेऊन बसा. पहिली गोष्ट, दुकानात जाऊन नुसतं 'साके' म्हणालात तर तिथला माणूस गोंधळतो कारण जपानीत साके म्हणजे कुठलीही दारू, आपण म्हणतोय त्याला ते निहोनशू म्हणतात. आता तो ६५%. तो तांदूळ किती घासलाय त्याचा आकडा, म्हणजे दाणा घासून घासून उरला किती ते. आपण हातसडीच्या तांदळाचं कौतुक करतो ना, इथे बरोब्बर उलटं, दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रोटीन आणि फॅट असतं, त्याने चव जड होते, म्हणून ते काढून आतला स्टार्च वापरायचा. ६०% किंवा कमी उरला तर गिंजो, ५०% किंवा कमी तर दायगिंजो. नावाआधी 'जुनमाई' असेल तर वरून अल्कोहोल घातलेलं नाही, फक्त तांदूळ, पाणी, कोजी (भातावर वाढवलेली बुरशी) आणि यीस्ट. जुनमाई नसलेल्या गिंजोत थोडं अल्कोहोल मुद्दाम घालतात, वास खुलतो त्याने, भेसळ नाही ती.

केळ्याचा वास यीस्टचा. खूप घासलेला तांदूळ घेऊन थंडीत सावकाश आंबवला की यीस्ट अशी द्रव्यं बनवतं, त्यातलं एक खऱ्या केळ्यात पण असतं, म्हणून तुमचं नाक चुकलेलं नाही. कधी सफरचंदासारखा पण येतो. दुसरी तुमची निइगाता प्रांताकडची असणार, तिकडचे लोक अशीच हलकी कोरडी करतात, हक्काइसान किंवा कुबोता घेतलीत तर तीच जातकुळी. तिसरी बहुतेक यामाहाई किंवा किमोतो. पूर्वी मिश्रणात लॅक्टिक अ‍ॅसिड आपोआप तयार होऊ द्यायचे, ताक-दह्याचाच प्रकार, आणि त्यासाठी थंडीत रात्र रात्र लांब काठ्यांनी भात घोटायचा, ते किमोतो. १९०९ साली लक्षात आलं की घोटलं नाही तरी चालतं, घोटणं बंद केलं ते यामाहाई. आणि लगेच १९१० मध्ये तयार अ‍ॅसिड घालायची पद्धत आली, महिन्याचं काम दोन आठवड्यांवर आलं, आज बहुतेक साके तशीच बनते. तुम्हाला जी आवडली ती जुन्या वळणाची.

काजूफेणी

मी गोव्याचा, त्यामुळे आधीच सांगतो बायस्ड आहे 😀 एकदा मित्राने आणली होती, मला वाटलं तांदळाची फेणी असणार, चांगली कडक, म्हणून तशीच घेतली तर काय, गोडसर पाणी. नंतर कळलं की ही गाळलेली नसतेच मुळी.

निशिकसाईकर

हो, डिस्टिल करतात ती शोचू, ती वेगळी. साके आंबवलेलीच, पण गंमत म्हणजे एकाच टाकीत कोजी भाताची साखर करत असते आणि त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत असतं, म्हणून न गाळता २०% च्या आसपास जाते. मग पाणी घालून १५-१६ वर आणतात. फेणीच्या हिशोबाने पाणीच वाटणार तुम्हाला, पण पेग म्हणून नाही हो बघायचं तिच्याकडे.

कोमट_घोट

वरचं सगळं बरोबर आहे फक्त एक राहिलं आणि तेच महत्त्वाचं आहे. आकडा कमी म्हणजे माल चांगला हे डोक्यातून काढा. आपले लोक इथे आले की दासाई २३ शोधत फिरतात, २३ म्हणजे दाण्याचा फक्त २३% भाग उरला, बाकी सगळा घासून काढला, वाईट नाही ती, उलट छानच आहे, पण एक ग्लास झाला की मला तरी अत्तर प्यायल्यासारखं होतं आणि जेवणाबरोबर तर ती आपल्यालाच बघा म्हणत बसते. रोजच्या जेवणाला ६५-७०% वाली जुनमाई घ्या.

गरम-गारचं म्हणाल तर ताईंनी पहिल्यांदा प्यायली ती स्वस्तातली आणि वर जास्त तापवलेली, असं दुकानाचं नाव न घेता सांगतो 😀 जपानी लोकांनी दर पाच डिग्रीला वेगळं नाव दिलंय, ५ ला युकिबिए म्हणजे बर्फासारखी गार, ३५ ला हितोहादा म्हणजे अंगाइतकी कोमट, ४० ला नुरुकान, ५० ला आत्सुकान. केळ्याच्या वासाची गिंजो तापवलीत तर वास उडून जातो, ती गारच. पण ती तिसरी आंबटसर घरी आणा, पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा आणि साके एका स्टीलच्या पेल्यात ओतून तो पेला त्या पाण्यात दोन-तीन मिनिटं धरा. मायक्रोवेव्ह नको, वर उकळते खाली गार राहते. मग तीच साके एक घोट फ्रीजमधली, एक बाहेरची, एक कोमट अशी लागोपाठ घ्या. दहा बाटल्या चाखण्यापेक्षा एकच बाटली तीन तऱ्हांनी चाखली तर जास्त कळतं, हे माझं ठाम मत आहे, कोणाला भांडायचं असेल तर या.

आणि अजून महिना आहे ना हातात, तर एका शनिवारी एचिगो-युझावा स्टेशनला जाऊन या, टोकियोहून शिंकान्सेनने (बुलेट ट्रेन) सव्वा-दीड तास. स्टेशनातच पोन्शूकान आहे, निइगातातल्या सगळ्या साकेवाल्यांची मशीनं भिंतीला ओळीने लावलेली, मी गेलो तेव्हा ५०० येनला पाच नाणी मिळायची, एक नाणं एक चिमुकला पेला. बाजूला तऱ्हेतऱ्हेचं मीठ आणि काकडी ठेवलेली असते. मधे मधे पाणी प्या, जपानी लोक पण पितात, साकेइतकंच पाणी. मी पहिल्या वेळी नाही प्यायलो, परतीची गाडी चुकली.

चकली_इन_कोबे

निइगाता निइगाता काय करताय, आमच्या 'नादा' भागाला विसरलात! कोबेजवळचा पट्टा, निशिनोमियाचं मियामिझू पाणी जड, यीस्ट जोरात चालतं, साके कोरडी आणि ठसकेबाज होते. क्योतोतल्या फुशिमीचं पाणी त्यामानाने मऊ म्हणून तिकडची गोडसर. जुने लोक नादाच्या साकेला पुरुषी आणि फुशिमीच्या साकेला बायकी म्हणतात, मला हे अजिबात पटत नाही, मी बाई आहे आणि मला नादाचीच आवडते. पण दोन्ही शेजारी ठेवून चाखली ना की पाण्याने किती फरक पडतो ते कळतं, पुस्तक नको. शाकाहारी असाल तर एक सांगते, साके चालेल पण सोबत येणाऱ्या टोफूवर माशाच्या कातरी भुरभुरलेल्या असतात, आधी विचारा.

बाबांसाठी मात्र माझ्याकडे पक्कं उत्तर आहे. ओकायामाची ओमाची तांदळाची जुनमाई घ्या. ओमाची हा जुना वाण, १८५९ मध्ये ओकायामाच्या एका शेतकऱ्याला सापडलेला, आज सगळे ज्या यामादा निशिकी तांदळाचं नाव घेतात त्याच्या वंशावळीत पण हाच. चव भरदार, जरा मातकट. आणि सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यानच की, ओकायामाच्या कोराकुएनवरून केलेलं!

थालीपीठ_एक्सप्रेस

चकलीताई, बाबा रोज सकाळी त्याच बागेत चालायला जातात!! अंगावर काटा आला वाचून.

बरं, प्रयोग केला. कलीगला मेसेज करून नाव काढलं, यामाहाईच होती. काल रात्री पेला, पातेलं, गरम पाणी सगळं केलं. गार असताना नुसती आंबट लागली, बाहेरची बरी, आणि कोमट झाल्यावर भाताच्या पेजेसारखा वास आला, मऊ, आंबटपणा मागे गेला. सोबत घरून आणलेल्या भाजणीचं थालीपीठ आणि लोणी होतं. कोमट_घोट, भांडायला येणार नाही. हट्टाने गिंजो पण तापवून बघितली, केळं गेलं, कडवटपणा उरला, चांगली साके वाया घालवली.

ओमाचीच्या दोन बाटल्या नेल्या तर चालतात का कस्टम्सला? आणि पुण्यात फ्रीजमध्ये ठेवायची ना?

निशिकसाईकर

दोन लिटरपर्यंत ड्युटी नाही, ७२० मिलीच्या दोन आरामात बसतात. चेक-इन बॅगेत, जीन्समध्ये गुंडाळून. फक्त लेबलवर 'नामा' असेल तर घेऊ नका, ती पाश्चराइझ केलेली नसते, पुण्याला पोचेपर्यंत बिघडेल. बाटलीवर बहुधा तारीख असते, ताजी बघून घ्या, वाइनसारखी जपून ठेवू नका. फ्रीजमध्ये हो, आणि उघडल्यावर आठ-दहा दिवसांत संपवा.

काजूफेणी

बाबांना सोडा घालू देऊ नका म्हणजे झालं.

थालीपीठ_एक्सप्रेस

तेच तर टेन्शन आहे 😅